चाक फिरले तर पैसा!
(लांब पल्ल्याच्या विमानाच्या कॅप्टनची मिळकत)

द्वितीय वर्ष कला

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेले होते. एका संध्याकाळी ओसरीवर बसून वडिलांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होते. अमेरिकेतील मोठ्या विमान कंपनीच्या ज्येष्ठ कॅप्टनला तासाला चारशे डॉलरांहून अधिक पगार मिळतो, अशी एक बातमी त्यात होती. डॉलरचे रुपये करून मी सांगितले, "अण्णा, तासाला पस्तीस हजार!" आमचे वडील बावीस वर्षे मालट्रक चालवीत आहेत. त्यांना पगार नाही. खेपेवर पैसे मिळतात. ते आश्चर्याने काही बोलतील अशी माझी कल्पना होती. पण त्यांनी जरा वेळाने विचारले, "आणि विमान खाली उभं राहिलं, तर त्या वेळचं काय मिळतं गं त्याला?"

मला उत्तर देता आले नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे घरातल्या कोणत्याही प्रश्नाचे उत्तर मला यावे अशी सर्वांची समजूत आहे. सुट्टी संपवून परत आल्यावर मी ग्रंथालयात बसून या प्रश्नाचा शोध घेतला. तो जितका साधा वाटला होता तितका साधा निघाला नाही. विमानाच्या कॅप्टनचा पगार समजून घ्यायचा तर नेमके याच प्रश्नापासून सुरुवात करावी लागते, असे मला आढळून आले. त्या शोधाचे फलित म्हणजे हा लेख.

तास कोणता धरायचा?

आपण 'तासाला चारशे डॉलर' म्हणतो तेव्हा कामाचा प्रत्येक तास आपल्या डोळ्यांसमोर येतो. विमानाच्या जगात तसे नाही. तेथे 'ब्लॉक अवर' नावाचे माप आहे. विमान जागेवर उभे असताना त्याच्या चाकांना अडसर लावलेले असतात, त्यावरून हा शब्द आला. अडसर निघून विमान जागचे हलले की घड्याळ सुरू होते. मुक्कामी पोहोचून विमान आपल्या जागी थांबले की घड्याळ बंद होते. यामधल्या वेळाचे पैसे.

आता कॅप्टनचे काम त्याआधी किती तरी वेळ सुरू झालेले असते. उड्डाणाच्या तास-दीड तास आधी त्याला हजर व्हावे लागते. वाटेवरचे हवामान, इंधन किती घ्यायचे, वजन किती झाले, अडचण आल्यास कोणत्या विमानतळावर उतरायचे, यंत्रात मागच्या फेरीत काही दोष नोंदवला आहे काय, हे सारे पाहून इंधनाचा अंतिम निर्णय त्याने घ्यायचा आणि कागदावर सही करायची. धुक्यामुळे विमान दारातच तीन तास अडकले तर ते तीन तासही त्याचेच. पण तासाच्या दराने मोजणाऱ्या बहुतेक करारांत ही मेहनत ब्लॉक अवरमध्ये धरली जात नाही. म्हणजे वडिलांची शंका रास्त होती. चाक फिरले तर पैसा, हा नियम हमरस्त्यावर आहे तसाच आभाळातही आहे.

मात्र येथे एक महत्त्वाचा फरक आहे. अमेरिकेतील करारांत महिन्याला साधारण सत्तर ते ऐंशी तासांची हमी असते. कंपनीने तेवढे उड्डाण दिले नाही, विमान दुरुस्तीला गेले, प्रवासी कमी झाले, तरी तेवढ्या तासांचे पैसे द्यावेच लागतात. घरापासून दूर असलेल्या काळासाठी जेवणखाणाचा भत्ता वेगळा असतो व मुक्कामाच्या हॉटेलचा खर्च कंपनीचा असतो. भारतातही हमीचे तास असतात; पण ते कायमचे दगडावर कोरलेले नसतात. एअर इंडियात करोनाच्या काळात ही हमी महिन्याला २० तासांवर आली होती. एप्रिल २०२३ च्या नव्या वेतनरचनेत ती ४० तास करण्यात आली. दोन्ही वेळा वैमानिकांच्या संघटनांनी नाराजी व्यक्त केली. कारण दर कितीही मोठा असला तरी त्याला कितीने गुणायचे हे या आकड्यावर ठरते.

मिळकतीचा हिशेब

आता प्रत्यक्ष हिशेब मांडू. अमेरिकेतील सर्वांत मोठ्या कंपन्यांत, बारा वर्षे वा त्याहून अधिक सेवा झालेला व एअरबस ३५० किंवा बोइंग ७७७ सारखे मोठे विमान चालवणारा कॅप्टन आज तासाला साडेचारशे डॉलरांच्या आसपास मिळवतो. महिन्याला ८० तास धरले तर ३६,००० डॉलर आणि वर्षाला ४,३२,००० डॉलर होतात. आपल्या पैशांत ही रक्कम साडेतीन कोटी रुपयांच्या वर जाते. कंपनी निवृत्तीसाठी जी भर घालते ती आणखी वेगळी.

परंतु हे शिखरावरचे चित्र आहे. मे २०२३ मधील अमेरिकी सरकारच्या आकडेवारीप्रमाणे विमान कंपन्यांतील सर्व वैमानिकांचे मधले वार्षिक वेतन २,१९,१४० डॉलर होते. म्हणजे निम्म्या वैमानिकांना त्याहून कमी मिळत होते. यात शेजारच्या खुर्चीवर बसणारा को-पायलटही आला आणि छोट्या गावांना जाणाऱ्या छोट्या विमानांचे वैमानिकही आले.

आपल्याकडे मोठ्या विमानाच्या कॅप्टनला ढोबळमानाने महिन्याला सात-आठ लाखांपासून दहा लाखांच्या पुढेपर्यंत मिळतात. दुबई-अबुधाबीच्या कंपन्यांत आकडा कागदावर अमेरिकेपेक्षा लहान दिसतो. पण तेथे व्यक्तीच्या पगारावर प्राप्तिकर नाही, आणि घर व मुलांचे शिक्षण यांसाठी कंपनीची मदत असते. तेव्हा नुसत्या आकड्यांची तुलना करणे म्हणजे कच्च्या मालाची पक्क्या मालाशी तुलना करण्यासारखे होईल.

कोणी विचारील, ८० तास म्हणजे दिवसाला तीन तासही नाहीत. मग हे काम कसले? याचे उत्तर कायद्यात आहे. भारतात काय किंवा अमेरिकेत काय, वैमानिकाने सलग ३६५ दिवसांत १,००० तासांहून अधिक उड्डाण करायचे नाही असा नियम आहे. बाराने भागले तर महिन्याला सुमारे ८३ तास येतात. कर्जाचा हप्ता थकला म्हणून ट्रकचालक आणखी चार खेपा मारू शकतो. कॅप्टनला तशी मुभा नाही. शिवाय मुंबई-न्यूयॉर्क जाऊन-येऊन उड्डाणाचे तीस तास भरतात, पण त्यासाठी घराबाहेर तीन-चार दिवस जातात. महिन्यातले दहा-पंधरा दिवस परक्या गावी, उलट्या झोपेत काढल्यावर ते ८० तास भरतात.

विमान मोठे तर पगार मोठा

एकच माणूस, तेच शिक्षण. मग लहान विमान सोडून मोठ्या विमानावर गेल्यावर पगार का वाढावा? जास्त प्रवाशांची जबाबदारी, हे उत्तर खरे असले तरी पुरे नाही. त्यामागे एक जुनी लढाई आहे.

अमेरिकेत १९३१ साली वैमानिकांनी आपली संघटना स्थापन केली. त्या काळी मैलावर पैसे देण्याची पद्धत होती. विमाने वेगवान होऊ लागली, तशी कंपन्यांना तासावर पैसे देणे सोयीचे वाटू लागले, कारण तेच अंतर आता कमी तासांत कापले जाणार होते. वैमानिकांचे म्हणणे असे की, नवे यंत्र आमच्या हातून दुप्पट काम करून घेणार आणि आमचा पगार मात्र घटणार, हा कोणता न्याय? १९३४ साली तेथील राष्ट्रीय श्रम मंडळाने आपला ८३ क्रमांकाचा निर्णय दिला. मूळ वेतन, तासाचे पैसे आणि मैलाचे पैसे अशी तिहेरी रचना त्यात होती, आणि महिन्याला ८५ तासांची मर्यादाही. १९३८ च्या कायद्याने या निर्णयाला आधार मिळाला. पुढे विमानाचे वजनही हिशेबात आले. नवे यंत्र अधिक कमाई करून देणार असेल तर त्या वाढीत यंत्र चालवणाऱ्याचाही वाटा असला पाहिजे, हे तत्त्व असे रुजले. आज चारशे डॉलरांचा आकडा आपण वाचतो, त्याच्या मुळाशी नव्वद वर्षांपूर्वीचे हे भांडण आहे.

आपल्या देशातही याचा प्रत्यय आला आहे. २०१२ साली एअर इंडियाच्या लांब पल्ल्याच्या वैमानिकांनी ५८ दिवस संप केला. बोइंग ७८७ ही नवी विमाने येत होती. त्यांचे प्रशिक्षण पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनाही द्यावयाचे की नाही, हा वादाचा मुख्य मुद्दा होता. वरवर पाहता हा प्रशिक्षणाचा प्रश्न. पण कोणते विमान हाती येते यावर बढती आणि मिळकत ठरते हे ध्यानात घेतले, म्हणजे इतका दीर्घ संप का झाला ते कळते.

ज्येष्ठतेची शिडी

दुसरी गोष्ट ज्येष्ठतेची. अमेरिकेत आणि इतरही अनेक ठिकाणी, कोण कधी नोकरीस लागला त्या तारखेवर सारे अवलंबून असते. कोणते विमान, कोणता मार्ग, दिवाळी वा नाताळची सुट्टी कोणाला, कॅप्टनची खुर्ची केव्हा, हे सर्व यादीतल्या क्रमांकाप्रमाणे. या पद्धतीचा एक गुण असा की, एकाच कंपनीत, एकाच विमानावर, सारखीच सेवा झालेल्या स्त्रीचा आणि पुरुषाचा तासाचा दर एकच असतो. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचे सॅन फ्रान्सिस्को-बंगळूर हे सुमारे १७ तासांचे, उत्तर ध्रुवाच्या बाजूने जाणारे उड्डाण चार स्त्री-वैमानिकांनी केले, तेव्हा घड्याळ त्यांच्यासाठी वेगळे चालले नाही.

दोष असा की, कंपनी बुडाली तर शिडीच नाहीशी होते. पॅन अॅम ही एके काळची जगप्रसिद्ध कंपनी ४ डिसेंबर १९९१ रोजी बंद पडली. अशा कंपनीतला पन्नाशीचा कॅप्टन दुसरीकडे गेला तर यादीच्या तळाशी, पंचविशीतल्या मुलांच्या बरोबरीने उभा राहतो. अनुभव त्याच्याबरोबर येतो, ज्येष्ठता येत नाही.

भारतात तर नोकरी सोडणेही सोपे नाही. २०१७ पासून कॅप्टनला एक वर्षाची व को-पायलटला सहा महिन्यांची आगाऊ सूचना द्यावी लागते. ज्याच्या पगाराचा एवढा गाजावाजा, त्याला राजीनामा दिल्यानंतरही वर्षभर तेथेच काम करावे लागते.

आणि शिडीच्या पहिल्या पायरीपर्यंत तरी कोण पोहोचतो? व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. आपल्या राज्यात बारामती, गोंदिया येथे उड्डाण शिकवणाऱ्या संस्था आहेत. पण परवाना आणि पुढे विशिष्ट विमानाचे प्रशिक्षण मिळून खर्च पन्नास लाखांच्या पुढे सहज जातो. त्यानंतर नोकरी मिळेल याची शाश्वती नाही. कॅप्टनसाठी लागणारा वरचा परवाना १,५०० तासांनंतर मिळतो. मोठ्या विमानाची डावी खुर्ची मिळण्यास बहुधा दहा-पंधरा वर्षे लागतात. वयोमर्यादा ६५. मध्येच वैद्यकीय तपासणीत रक्तदाबाने वा डोळ्याने दगा दिला तर मिळकत तेथेच थांबते. दर सहा महिन्यांनी कृत्रिम विमानात बसून परीक्षा द्यावी लागते ती वेगळीच. प्राध्यापक मंडळी राग मानणार नाहीत अशी आशा आहे, पण पन्नाशीनंतरही सहामाही परीक्षा देणारा दुसरा पगारदार वर्ग शोधून सापडणार नाही!

चढ आणि उतार

हा पगार नेहमी चढताच राहिला असे समजण्याचे कारण नाही. १५ जानेवारी २००९ रोजी कॅप्टन सलेनबर्गर यांनी इंजिने बंद पडलेले विमान न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर उतरवले व विमानातील सर्व १५५ जीव वाचले. साऱ्या जगाने त्यांचा गौरव केला. पुढच्याच महिन्यात अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे त्यांनी सांगितले, की गेल्या काही वर्षांत आपला पगार चाळीस टक्क्यांनी कापला गेला आहे आणि ठरलेले निवृत्तिवेतनही गेले आहे. ते लांब पल्ल्याचे विमान चालवीत नव्हते. पण २००१ नंतर दिवाळखोरीत निघालेल्या अमेरिकी कंपन्यांच्या मोठ्या विमानांचे कॅप्टनही याच अनुभवातून गेले.

आपल्याकडे जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. त्याआधी तिच्या वैमानिकांचे कित्येक महिन्यांचे पगार थकलेले होते. २०२० च्या ऑक्टोबरात हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिकने ५,९०० नोकऱ्या कमी केल्या व उरलेल्या वैमानिकांपुढे पगारात मोठी कपात करणारे नवे करार ठेवले. नंतर चक्र उलटे फिरले. करोनाकाळात अनेक ज्येष्ठ वैमानिक लवकर निवृत्त झालेले, प्रवासी एकाएकी परतलेले आणि वैमानिक अपुरे. मार्च २०२३ मध्ये डेल्टा कंपनीच्या वैमानिकांनी चार वर्षांत ३४ टक्के वाढीचा करार मिळवला, आणि दुसऱ्या मोठ्या कंपन्यांना त्याच वाटेने जावे लागले. माझ्या हाती आलेली बातमी या लाटेच्या माथ्यावरची होती.

विश्रांती हाही पगारच

सर्वांत शेवटी मला जे कळले, ते मला सर्वांत मोलाचे वाटते. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे दोन वैमानिकांनी आठ-नऊ तासांहून अधिक उड्डाण करायचे नाही. तीन असतील तर १३ तास, चार असतील तर १७ तास. म्हणून लांब पल्ल्याच्या विमानात चार वैमानिक असतात आणि त्यांना आळीपाळीने झोपण्यासाठी खास बिछाने असतात. कामावर येण्याआधी किमान दहा तासांची विश्रांती आणि त्यात सलग आठ तास झोपेची संधी, असा तेथील नियम २०१४ पासून अमलात आहे.

हा नियम सहजासहजी आला नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलो शहराजवळ एक लहान प्रवासी विमान कोसळून ५० माणसे मृत्युमुखी पडली. कॅप्टनची ऐन वेळची चुकीची कृती हे मुख्य कारण ठरले. पण चौकशीत आणखी एक गोष्ट उजेडात आली. को-पायलट तरुणी तुटपुंज्या पगारावर काम करीत होती आणि दूरच्या सिअॅटलहून रात्रभर प्रवास करून कामावर आली होती. थकवा आणि पगार यांचा संबंध तेव्हा सर्वांना दिसला.

आपल्याकडे वैमानिक संघटना न्यायालयात गेल्या आणि आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास करण्याचा नियम २०२५ मध्ये लागू झाला. त्याच वर्षी डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. नव्या नियमांना पुरतील इतक्या वैमानिकांची तजवीज नव्हती, हे त्यामागचे एक मोठे कारण. सरकारला काही नियमांत तात्पुरती सवलत द्यावी लागली. प्रवाशांचे अतोनात हाल झाले. पण त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली. चालकाची झोप ही फुकटची वस्तू नाही. तिला किंमत आहे, आणि ती कोणीतरी मोजावीच लागते.

उपसंहार

पुढच्या सुट्टीत मी हे सारे वडिलांना सांगितले. उभ्या विमानाचे तास सहसा मोजत नाहीत, पण महिन्याची हमी असते; हजार तासांच्या वर चालवू देत नाहीत; झोप कायद्याने ठरलेली आहे, हेही सांगितले. कारखान्याच्या फाटकापुढे गाडी खाली होण्याची वाट बघत दोन-दोन दिवस काढलेला तो माणूस. त्यांनी आकड्याबद्दल काही विचारले नाही. ते म्हणाले, "म्हणजे खोळंबा त्यालाही फुकटच. पण महिन्याचं त्याचं ठरलेलं आहे, अन् झोपायला सांगणारं कुणीतरी आहे."

मला वाटते, सबंध लेखात मी जे सांगू पाहत होते ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितले. कॅप्टनच्या पगाराकडे आपण नशिबाचा किंवा आभाळाचा चमत्कार म्हणून पाहतो. वास्तविक तो जमिनीवर, टेबलाशी बसून, करारांनी आणि कायद्यांनी घडवलेला आहे. आपल्या देशात मोटार वाहतूक कामगारांसाठीही १९६१ चा कायदा होता. दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, असे त्यात लिहिलेले होते. तो कायदा आमच्या घरी मी प्रथम वाचून दाखवला. वडिलांनी तो पुन्हा एकदा वाचायला सांगितला, आणि मग ते गाडीची कागदपत्रे घेऊन रात्रीच्या खेपेला निघून गेले.

तासाला चारशे डॉलर सर्वांना मिळणार नाहीत, मिळण्याची गरजही नाही. पण चारशे माणसे घेऊन जाणाऱ्याची झोप जितकी महत्त्वाची, तितकीच पंचवीस टन माल घेऊन त्याच रात्री घाट उतरणाऱ्याचीही आहे. हमी आणि विश्रांती या दोन गोष्टी आभाळातून रस्त्यावर कशा आणता येतील, हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी विचार करण्याजोगा प्रश्न आहे. निदान आमच्या घरी तरी तो दर खेपेला निघतो.